दूरदेशींचा किनारा आणि विमानभाड्याचा हिशेब

विमानाचें तिकीट ही बाजारांतील मोठी विलक्षण वस्तु आहे. एकाच दुकानांत, एकाच दिवशीं, एकाच पोत्यांतील तांदूळ दोघां गिऱ्हाइकांस निरनिराळ्या भावानें मिळाला, तर आपण त्या वाण्याशीं भांडूं. परंतु एकाच विमानांत, एकाच रांगेंत, कोपराला कोपर लावून बसलेल्या दोन उतारूंनीं दिलेल्या भाड्यांत दिडीदुपटीचें अंतर असलें, तरी कोणी तक्रार करीत नाहीं. कारण शेजाऱ्यानें काय दिलें हें बहुधा दोघांनाही ठाऊक नसतें.

हें अंतर नशिबाचें आहे, अशी सामान्य समजूत आढळते. कोणी म्हणतो, तिकीट मध्यरात्रीं काढावें. कोणी म्हणतो, मंगळवारीं काढावें. या समजुतींना फारसा आधार नाहीं. आज मी आपणांपुढें जें मांडणार आहें, तें इतकेंच कीं, स्वस्त प्रवास शोधून सांपडत नाहीं, तो आंखून मिळतो. आणि आंखतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. भाडें नेहमीं तीन नाण्यांत भरलें जातें: पैसा, सवड आणि धोका. तिकिटावरील रुपये कमी झाले, तर उरलेलें मोल आपण सवडीनें तरी भरतों किंवा धोका पत्करून तरी भरतों. आपण कोणत्या नाण्यांत भरीत आहों, हें ज्यास कळलें त्याचा प्रवास स्वस्त झाला. ज्यास कळलें नाहीं, त्याचें केवळ तिकीट स्वस्त झालें.

नुसतीं तत्त्वें हवेंत राहतात. म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. निवृत्तीनंतर एकदां युरोप पाहावा, पण शहरामागून शहर धांवत न पाहतां एखाद्या उबदार किनाऱ्यावर पंधरा दिवस स्वस्थ राहावें, असें आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांस वाटूं लागलें आहे. अशांसाठीं पोर्तुगालच्या अगदीं दक्षिणेकडील आल्गार्व्ह हा प्रांत उत्तम उदाहरण होईल. याच्या दक्षिणेस व पश्चिमेस अटलांटिक महासागर आहे, पूर्वेस ग्वाद्याना नदी, आणि नदीपलीकडे स्पेन. क्षेत्रफळ सुमारें ५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहून कांहींसें मोठें. नांव अरबी आहे. ‘अल्-घर्ब’ म्हणजे पश्चिम. अरबी अमलाखालील हा मुलूख १२४९ सालीं पोर्तुगीज राजाच्या हातीं आला. वर्षांतून सुमारें ३,००० तास येथें ऊन पडतें, आणि याच उन्हासाठीं उत्तर युरोपांतील लोक येथें थव्यांनीं येतात.

आपणां मराठी माणसांना हा देश अगदींच परका नाहीं. ८ जुलै १४९७ रोजीं वास्को द गामा लिस्बनहून निघाला आणि २० मे १४९८ रोजीं कालिकतजवळ पोहोंचला. पुढें १५१० पासून १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यांत राहिला. त्या साडेचार शतकांच्या सहवासांतून पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द आपल्या तोंडीं इतके रुळले, कीं ते परके आहेत हें सांगावें लागतें. गामाला जी वाट तोडण्यास दहा महिने लागले, ती आज एका दिवसाची झाली आहे. मुंबईपासून लिस्बन सरळ रेषेंत सुमारें ८,००० किलोमीटर भरतें. परंतु आल्गार्व्हचें मुख्य शहर जें फारो, तेथें मुंबईहून थेट विमान जात नाहीं. वाटेंत कोठें तरी विमान बदलावेंच लागतें. आणि जेथें बदल आला, तेथें हिशेब आला.

प्रथम भाडें कसें ठरतें तें पाहूं. १९४५ सालीं हवाना येथें विमानकंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि पुढें पुष्कळ वर्षें दूरच्या मार्गांचीं भाडीं तिच्या परिषदांत ठरून सरकारांच्या संमतीनें अमलांत येत. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनास निघालें, त्या काळीं घासाघिशीस फारशी जागा नव्हती. १९७७ सालीं फ्रेडी लेकर नांवाच्या इंग्रज उद्योजकानें लंडन-न्यूयॉर्क मार्गावर अत्यंत कमी भाड्याची सेवा सुरू केली. १९८२ सालीं त्याची कंपनी बुडाली, पण लोकांना स्वस्ताईची चव लागली ती लागलीच. १९७८ सालीं अमेरिकेनें कायदा करून देशांतर्गत भाड्यांवरील सरकारी बंधनें उठविण्यास आरंभ केला. युरोपीय संघांत १९९३ पासून तेंच झालें. भाडें ठरविणें आतां कंपनीच्या हातीं आलें.

कंपनीपुढील प्रश्न भाजीवाल्याचाच आहे. संध्याकाळनंतर मेथीची जुडी कोणी घेत नाहीं. तसें विमान धांवपट्टीवरून उठलें, कीं रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते. म्हणून कंपनी एकाच वर्गांतील खुर्च्या निरनिराळ्या भावगटांत वांटते. सर्वांत स्वस्त गटांत थोड्या खुर्च्या असतात. त्या संपल्या कीं पुढचा गट उघडतो. विमान अपेक्षेपेक्षां लवकर भरूं लागलें तर स्वस्त गट मिटतात. मंद भरूं लागलें तर पुन्हां उघडतात. हें काम गणकयंत्रें अहोरात्र करीत असतात. मात्र भाजीवाला संध्याकाळीं भाव उतरवितो, तसा हा व्यापारी सहसा उतरवीत नाहीं. कारण शेवटच्या आठवड्यांत येणारें गिऱ्हाईक बहुधा कामासाठीं निघालेलें, म्हणजे अडलेलें असतें, आणि अडलेल्याकडून अधिक घेतां येतें हें त्यास ठाऊक आहे. तेव्हां सुटीचें तिकीट शेवटच्या क्षणीं स्वस्त होईल या आशेवर बसणें हें दूरच्या प्रवासांत तरी शहाणपणाचें नाहीं.

यावरून पहिला नियम निघतो. भाव मागणीवर चढतो. म्हणून जेव्हां मागणी नाहीं तेव्हां जावें. तिकीट कोणत्या वारीं विकत घेतलें याला महत्त्व थोडें. कोणत्या दिवशीं विमानांत बसलों याला महत्त्व फार. येथें दोन पंचांगें शेजारीं ठेवून पाहावीं लागतात. एक आपलें: एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत शाळांची सुटी, पुढें दिवाळी, आणि डिसेंबरची अखेर. या दिवसांत मुंबईहून निघणारीं विमानें भरलेलीं असतात. दुसरें पंचांग युरोपचें: ईस्टरचा सण, जुलै व ऑगस्ट, आणि नाताळ. या दिवसांत फारोकडील विमानें व किनाऱ्यावरील खोल्या दोन्ही महागतात. हीं दोन्ही पंचांगें ज्या आठवड्यांत एकदमच रिकामीं असतील, तो आपला मुहूर्त.

असे दोन मुहूर्त ठळक दिसतात. पहिला सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीची गर्दी सुरू होईपर्यंतचा. दुसरा फेब्रुवारीपासून ईस्टरच्या आधींपर्यंतचा. यांपैकीं पहिला अधिक चांगला. कारण किनाऱ्यावर जाणाऱ्यानें हवेइतकाच पाण्याचाही विचार करावा लागतो. अटलांटिकचें पाणी आपल्या कोंकणकिनाऱ्यासारखें कोमट नसतें. हिवाळ्यांत तें १५-१६ अंशांवर असतें, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस कोठें २१-२२ अंशांपर्यंत चढतें. फेब्रुवारींत ऊन पुष्कळ मिळेल, बदामाचीं झाडें फुललेलीं दिसतील, परंतु मधून मधून पाऊस येईल आणि समुद्रांत उतरण्याचें धैर्य होणार नाहीं. ज्यांस नुसतें उन्हांत बसावयाचें व समुद्रकांठानें फिरावयाचें आहे, त्यांस तेंही पुरेसें आहे. मुलांच्या शाळेशीं बांधलेल्या कुटुंबांनीं मेच्या आरंभाऐवजीं मेची अखेर व जूनचा पहिला पंधरवडा धरावा. त्या वेळीं आपल्याकडील गर्दी परतीच्या वाटेवर असते आणि युरोपांतील शाळा अद्याप सुटलेल्या नसतात.

निवृत्त माणसाची खरी श्रीमंती येथें आहे. त्याच्या पेटींत रुपये थोडे असतील, पण तारखा विपुल आहेत. शुक्रवारऐवजीं बुधवारीं निघणें, परतीचा रविवार सोडून मंगळवारीं येणें, हें नोकरीवाल्यास परवडत नाहीं, त्यास परवडतें. सवडीचें नाणें त्याच्यापाशीं खणखणीत आहे; तें त्यानें आधीं खर्चावें.

दुसरा नियम दाराचा. घराला पुढचें दार असतें तसें मागचेंही असतें, प्रांतालाही असतें. फारोचा विमानतळ १९६५ सालीं सुरू झाला, आणि तो आल्गार्व्हचें पुढचें दार आहे. परंतु आशियांतून येणाऱ्या मोठ्या विमानांचें दार लिस्बन हें आहे. दुबई व इस्तंबूल यांसारख्या जंक्शनांवरून लिस्बनास येतां येतें. लिस्बनच्या विमानतळावरूनच भुयारी रेल्वे सुटते. तिचें तिसरें स्थानक ‘ओरिएंते’. तेथें आगगाडींत बसलें कीं सुमारें तीन तासांत फारो येतें. या गाडीचें तिकीट आगाऊ घेतल्यास सवलत मिळते, आणि ६५ वर्षें पूर्ण झालेल्या उतारूस वयाचा दाखला दाखविल्यावर अर्धें भाडें पडतें. फारोहून पुढें किनाऱ्याला समांतर लोहमार्ग आहे. पश्चिमेस लागोश, पूर्वेस ताविरा व थेट स्पेनच्या सीमेवरील नदीपर्यंत तो जातो. म्हणजे मोटार भाड्यानें न घेतांही प्रांत पाहतां येतो.

मागचें दार स्पेनमधील सेव्हिल हें शहर. ग्वाद्याना नदीवर १९९१ सालीं पूल झाला, आणि फारो ते सेव्हिल हें सुमारें २०० किलोमीटरांचें अंतर बसनें अडीच-तीन तासांचें झालें. एका दारानें आंत जाऊन दुसऱ्यानें बाहेर पडावें, म्हणजे लिस्बनास उतरून परततांना सेव्हिलहून निघावें, अशीं तिकिटेंही एकाच आरक्षणांत मिळतात. तीं काढल्यास आल्या वाटेनें परत लिस्बन गांठण्याचा एक दिवस व आगगाडीचें भाडें वांचतें. तिकीट पाहतांना केवळ ‘मुंबई-फारो’ एवढेंच न विचारतां हीं तिन्ही दारें ठोठावून पाहावीं.

आपल्या बाजूचें दारही नीट पाहावें. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, त्यामुळें आतां ‘मुंबई’ या एका नांवाखालीं दोन ठिकाणें आलीं. तिकिटावर कोणतें लिहिलें आहे, हें वाचल्याशिवाय पैसे भरूं नयेत. पुण्याच्या व नाशिकच्या मंडळींनीं तर घरापासून विमानतळापर्यंतची मोटार, आणि पहांटेचें विमान असल्यास आदल्या रात्रीचा मुक्काम, हे दोन्ही खर्च पहिल्या ओळींतच मांडावे.

आतां तिसरा नियम, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा. विमान बदलावयाचें तर संपूर्ण प्रवास एकाच आरक्षणांत असावा. सर्वांत कमी भाव शोधतांना पुष्कळदां असें आढळतें, कीं मुंबईहून युरोपांतील एखाद्या मोठ्या शहरापर्यंत एका कंपनीचें तिकीट स्वस्त आहे, आणि तेथून फारोपर्यंत दुसऱ्या कंपनीचें फारच स्वस्त आहे. दोन्ही निरनिराळीं विकत घेतलीं, कीं बेरीज कमी भरते. परंतु या दोन तिकिटांची एकमेकांशीं कायद्याच्या दृष्टीनें ओळखच नसते. पहिलें विमान उशिरां पोहोंचलें म्हणून दुसरें चुकलें, तर दुसरी कंपनी म्हणते, उतारू वेळेवर आला नाहीं. इतकेंच नव्हे, जाण्याचा टप्पा चुकला कीं त्याच तिकिटावरील परतीचा टप्पाही बहुधा आपोआप रद्द होतो.

माझ्या परिचयाचें एक वृद्ध जोडपें या फेऱ्यांत सांपडलें. दोघांनीं चार वर्षें निवृत्तिवेतनांतून शिल्लक टाकून हा प्रवास ठरविला होता. पहिलें विमान चार तास उशिरां पोहोंचलें. पुढचें निघून गेलें होतें. परक्या शहरांत, रात्रीं, दोघांची नवीं तिकिटें त्या दिवसाच्या भावानें घ्यावीं लागलीं, आणि तीं एवढीं महाग पडलीं, कीं पंधरा दिवसांचा मुक्काम आठांवर आणून त्यांस परतावें लागलें. कोणत्याही कंपनीनें नियम मोडला नव्हता. नियमच तसा होता. वांचविलेले रुपये आणि गमावलेले दिवस यांची तुलना ज्याची त्यानें करावी.

याउलट एकाच आरक्षणांत टप्पा चुकला, तर पुढें पोहोंचविण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणें, युरोपीय संघांतून सुटणाऱ्या कोणत्याही विमानास, तसेंच युरोपीय कंपनीच्या तिकडे येणाऱ्या विमानास, रद्द झाल्यास किंवा फार लांबल्यास उतारूंच्या जेवणाची, मुक्कामाची व पर्यायी प्रवासाची सोय करावी लागते. असे प्रसंग केवळ कल्पनेंतले नाहींत. एप्रिल २०१० मध्यें आइसलंडमधील ज्वालामुखीच्या राखेनें युरोपचें आकाश कित्येक दिवस बंद पडलें. २३ जून २०२५ रोजीं कतारनें आपलें आकाश कांहीं तास बंद केलें, आणि दोहामार्गें जाणारे असंख्य उतारू वाटेंत अडकले. अशा वेळीं एका आरक्षणाचा उतारू कोणाच्या तरी जबाबदारीचा असतो. दोन तिकिटांचा उतारू निराधार असतो.

आपण एक हिशेब करून पाहूं. आंकडे केवळ उदाहरणासाठीं कल्पिलेले आहेत. समजा, मुंबई-लिस्बन जाऊन-येऊन एकाच आरक्षणाचें तिकीट, सामानासह, माणशीं ६२,००० रुपये. दोघांचे १,२४,००० झाले. लिस्बन-फारो आगगाडीचे दोघांचे जाऊन-येऊन १०,००० धरले, तर एकूण १,३४,००० होतात. आतां दुसरा मार्ग. युरोपांतील एका शहरापर्यंत जाऊन-येऊन माणशीं ४५,०००, दोघांचे ९०,०००. तेथून फारो जाऊन-येऊन माणशीं ९,०००, दोघांचे १८,०००. बेरीज १,०८,०००. पहिल्या तिकिटापेक्षां १६,००० रुपयांनीं कमी! पण थांबा. दुसऱ्या कंपनीच्या तिकिटांत पेटी धरलेली नाहीं. एका पेटीस एका खेपेस ३,५०० प्रमाणें चार खेपांचे १४,०००. टप्पा चुकूं नये म्हणून जातांना व येतांना एकेक रात्र वाटेंत राहिलों, तर ९,००० प्रमाणें १८,०००. बेरीज १,४०,००० झाली. जें १६,००० नीं स्वस्त दिसत होतें, तें ६,००० नीं महाग पडलें, आणि सुटींतील दोन दिवस विमानतळाच्या शेजारीं गेले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच. वाटेंत न राहण्याचें ठरविलें, तर १८,००० वांचतील खरे. परंतु ते पैशाच्या नाण्यांतून काढून धोक्याच्या नाण्यांत घातलेले असतील.

म्हणून भाव तोलण्याची एकच खरी रीति आहे. आपल्या घराच्या उंबरठ्यापासून किनाऱ्यावरील खोलीच्या उंबरठ्यापर्यंतचा एकूण खर्च काढावा: मोटार, तिकीट, सामान, वाटेंतील जेवण, मुक्काम, आगगाडी, परकीय चलनावर बँक घेते तो आकार, व्हिसा व विमा. ही यादी कागदावर मांडल्याशिवाय कोणत्याही तिकिटास स्वस्त म्हणूं नये.

व्हिसाचा विषय येथें ओघानेंच येतो. कारण तिकीट आधीं कीं व्हिसा आधीं, हा या प्रवासांतील सर्वांत अवघड पेंच आहे. पोर्तुगाल शेंगेन करारांतील देश आहे. त्याचा अल्पमुदतीचा व्हिसा जून २०२४ पासून प्रौढांस ९० युरो आकारतो. शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचें शुल्क वेगळें. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतील असावा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालावा. अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांहून आधीं करतां येत नाहीं, आणि पंधरा दिवसांहून उशिरां करूं नये. आतां अडचण पाहा. स्वस्त भावगट लवकर संपतात, म्हणून तिकीट लवकर घ्यावेंसें वाटतें. परंतु सर्वांत स्वस्त तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहींत, आणि व्हिसा नाकारला गेला तर तें बुडतें.

यांतून मार्ग असा. पासपोर्ट व बँकेचे कागद आधींच तयार ठेवावे. सहा महिन्यांची मर्यादा उघडली, कीं अर्जासाठीं वेळ मागून घ्यावी. उन्हाळ्याच्या आधीं ह्या वेळा मिळणें कठीण जातें. अर्जासोबत प्रवासाचें आरक्षण दाखवावें लागतें, तें शक्य तोंवर थोडा दंड देऊन रद्द करतां येईल अशा प्रकारचें घ्यावें. अशा तिकिटास चार-पांच हजार अधिक पडले, तरी ती उधळपट्टी नव्हे. तो धोक्याचा विमा आहे, आणि त्याचें मोल आपण डोळे उघडे ठेवून देत आहों. आणखी एक खांच अशी कीं, लंडनमार्गें जाण्याचें तिकीट कधीं कधीं मोहक दिसतें. परंतु भारतीय पासपोर्ट असलेल्या उतारूस ब्रिटनमध्यें नुसतें विमान बदलावयाचें असलें, तरी सामान्यतः वेगळा व्हिसा लागतो. त्याचा खर्च व खटाटोप यादींत मांडून मगच निवड करावी.

प्रत्यक्ष खरेदी आतां सोपी होते. महिना, दारें आणि बदलाचें ठिकाण ठरल्यावर दोन-तीन आठवडे भाव रोज एकदां वहींत टिपावा. त्यावरून त्या मार्गाचा सर्वसाधारण भाव आपणांस समजतो. मग आपण आपली एक मर्यादा ठरवावी: एवढ्यापर्यंत उतरला तर घ्यावयाचें, आणि घेतल्यावर पुन्हां पाहावयाचें नाहीं. निरनिराळ्या कंपन्यांचे भाव एकत्र दाखविणाऱ्या संस्था तुलनेसाठीं उपयुक्त आहेत. परंतु भाव सारखाच असेल, तर तिकीट खुद्द विमानकंपनीकडून घ्यावें. अडचणीच्या वेळीं मध्यस्थ आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवितात, तें टळतें. नांवाचें स्पेलिंग पासपोर्टाशीं अक्षरशः जुळवून पाहावें. वेळा वाचतांना प्रत्येक शहराची वेळ त्या त्या शहराची असते हें विसरूं नये. लिस्बन आपल्यामागें हिवाळ्यांत साडेपांच व उन्हाळ्यांत साडेचार तास असतें. सकाळीं दहाला निघून संध्याकाळीं आठला पोहोंचणारें विमान दहा तासांचें नसून उन्हाळ्यांत साडेचौदा तासांचें असतें, हें गणित तिकीट घेण्याआधीं करावें.

शेवटीं शरीराविषयीं दोन शब्द. साठीनंतर माणसानें सवडीचें नाणें वापरावें असें मीं म्हटलें, त्याचा अर्थ शरीर झिजवावें असा नाहीं. पंचवीस-तीस तासांचा, मध्यें बाकावर रात्र काढावयास लावणारा प्रवास दहा हजारांनीं स्वस्त असला, तरी पहिले तीन दिवस अंथरुणांत गेले तर ती बचत नव्हे. बदलाच्या ठिकाणीं अडीच ते चार तास मिळावे. त्याहून कमी असल्यास धांवपळ, फार अधिक असल्यास थकवा. पाय सुजूं नयेत म्हणून विमानांत अधूनमधून उठून चालावें, पाणी पीत राहावें. औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातांतील पिशवींत ठेवावीं. पेटींत ठेवूं नयेत. ज्यांस चालणें कठीण आहे, त्यांस युरोपीय संघांतील विमानतळांवर चाकांच्या खुर्चीची मदत विनामूल्य मिळते. मात्र ती निदान ४८ तास आधीं कळवावी.

श्रोतेहो, हें सर्व ऐकून एखाद्यास वाटेल, कीं एवढी यातायात करण्यापेक्षां चार पैसे अधिक टाकलेले बरे. ज्यांच्यापाशीं ते आहेत त्यांनीं अवश्य टाकावे. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांच्या आयुष्यांत असा प्रवास एकदांच घडणार असतो, आणि त्यामागें कित्येक वर्षांची काटकसर उभी असते. ती रक्कम कोणाच्या आतबट्ट्याच्या सल्ल्यानें वा एखाद्या भडक आंकड्याच्या मोहानें वाटेंत सांडूं नये, एवढ्यासाठीं हा प्रपंच. सवड पुष्कळ असेल तर ती उदारपणें द्यावी. पैसा बेतानें द्यावा. आणि धोका, जो बाजारांत सर्वांत स्वस्त म्हणून विकला जातो, तो उतारवयांत विकत घेऊं नये. एवढें जपलें, तर ज्या किनाऱ्यावरून कधीं काळीं जहाजें समुद्राची वाट शोधीत निघालीं, त्या किनाऱ्यावरील कोंवळें ऊन मध्यमवर्गीय गृहस्थाच्याही आटोक्याबाहेर नाहीं.